अकोटची गाडी

अकोल्यात सिनेमा पाहून सासू-सुना अकोटच्या एस.टी.त बसल्या. सिनेमातली पोरगी मनात आलं तशी गाडीतून मधेच उतरून गेली होती आणि सासूला, गोदाबाईंना, ते बिलकूल पटलं नव्हतं.

"असं कोनी करते काय? डोकंच ठिकानावर नाही तिचं."

प्रणालीनं नुसतं हं म्हटलं. बार्शीटाकळीला तिचे बाबा महिन्याभरापासून अंथरुणाला खिळले होते आणि वांग्याचा तोडा आटोपला की जाऊ, असं तिचा नवरा शिवम रोज म्हणत होता. तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला, लगेच परत काढला.

"सिनेमातबी तेच करून राहिली होती तू. कोनाचा फोन हाय?"

"माहेरचा. बाबा दोन दिवसांपासून जेवले नाहीत."

कंडक्टरनं घंटी मारली, तशा गोदाबाई पिशवी उचलून उठल्या आणि "थांब रे बाप्पा" म्हणत खाली उतरल्या. प्रणाली घाबरून मागोमाग धावली. गोदाबाई तोवर पलीकडं लागलेल्या बार्शीटाकळीच्या गाडीत चढल्याही होत्या.

"आत्याबाई, घरी विचारलं नाही आपण."

"मी इचारलं होतं एकडाव," जागा धरत गोदाबाई म्हणाल्या. "तुह्या सासऱ्यायले. गव्हाची सोंगणी होऊ दे म्हने. सोंगणी झाली, मंग गेली मी. तं माह्या बापाले आंगनात ठेवलं होतं."

प्रणाली सीटची दांडी धरून तशीच उभी होती.

"बस आता. उभी काहून राहिली?"