आपापली पानं

मावशीने कापसाचा बोळा तेलात बुडवून भाचीच्या मनगटावरून दोनदा फिरवला. बोटांचे चार लाल वळ तसेच राहिले. म्हणजे मेकअपचे नव्हते.

"कोणी धरलं एवढं?"

"काडेपेटीने. शॉट चालू होता ना." भाची हसली. "त्याच्या पानात असेल गं तसं."

काडेपेटी हे त्या मुलाला सेटवर पडलेलं नाव. तो काही नट नव्हता. दोन शाळांनी काढून टाकलेला, एकदा वर्गाचे पडदे पेटवलेला, वर्षभर सुधारगृहात राहून आलेला. चित्रपट होता पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या पहिल्या प्रेमाचा, आणि त्यातला मुलगा असाच बिथरलेला. दिग्दर्शिकेने मग अस्सलच उचलून आणला.

तिची आणखी एक तऱ्हा होती. अख्खी गोष्ट कोणाच्याच हातात द्यायची नाही. मुलीला मुलीची पानं, मुलाला मुलाची. समोरचा काय बोलणार, काय करणार हे ठाऊक नसलं की चेहरा खरा दिसतो, असं तिचं म्हणणं.

भाचीची पानं मावशीला तोंडपाठ होती. मुलगी लहान, सोबत घरचं माणूस हवं, म्हणून शिवणाचं दुकान बंद ठेवून मावशी रोज येऊन बसायची. हाताला चाळा म्हणून काजं करायची. बहीण, म्हणजे भाचीची आई, जाऊन आठ महिने झाले होते. भाची तेव्हा रडली नव्हती. शहाणी पोर, असं सगळे म्हणाले होते. इथेही तिचा कोणाला त्रास नव्हता. जेवायला दे म्हणून मागत नसे, दमले म्हणत नसे. काल तर मेकअपवालीने नुसतं छान आहेत म्हटलं, तर हिने कानातली काढून तिच्या हातावर ठेवली.

धास्ती होती ती त्या पोराची.

शूटिंग एका रिकाम्या सहामजली इमारतीच्या गच्चीवर चालायचं. जेवायच्या सुट्टीत सगळे खाली उतरत, आणि हा गच्चीच्या जिन्यात आडवा पसरून राही. कोणाला वर जाऊ देत नसे. भाची जाईल तिकडे याचे डोळे. सकाळी उशीर झाला तर हा फाटकाशी उभा.

"आली का ती? रात्री घरीच होती ना?"

"तुला काय करायचंय?" मावशी म्हणे.

"प्रेमात पडलंय हो पोरगं," कॅमेरावाला म्हणाला. "आपण नाही का पडलो?"

"तुम्ही पडलात तेव्हा वळ उठले होते का कोणाच्या हातावर?"

"उठले तर. माझ्याच. तिच्या बापाने धरलं होतं."

सगळे हसले. मावशी उठून दिग्दर्शिकेकडे गेली.

"तिचं मनगट धरायचं हे त्याच्या पानात आहे?"

"नाही," दिग्दर्शिका म्हणाली. "त्याच्या मनानेच केलं त्याने. ऐन वेळी दोघंही सरकतात इकडेतिकडे. पण पडद्यावर इतकं खरं दिसलं, मी ठेवलं ते."

पानात असतं तर निदान कोणी सांगितलेलं तरी असतं.

"आता शेवटचा सीन राहिलाय," मावशी म्हणाली. "त्यात त्याने पोरीला बोटही लावायचं नाही. नाहीतर मी तिला आत्ताच्या आत्ता घेऊन चालले."

"अहो, त्यात तो कठड्यावर बसलेला आहे. ती दाराशी उभी राहून त्याला परत बोलावते. दोघांत पंधरा पावलांचं अंतर. शिवाय त्याच्या कमरेला दोर बांधणार आहोत."

"घट्ट बांधा. गाठ मागे घ्या, त्याला सोडता येणार नाही अशी."

दुपार कलली तसा सगळा लवाजमा वर आला. दोर बघून पोराचा चेहरा उतरला.

"दोर नको. मग मला उठता येणार नाही."

"उठायचंच नाहीये तुला," दिग्दर्शिका म्हणाली.

"मग जरा लांब तरी द्या."

"कुठपर्यंत पोचायचंय तुला?" मावशीने विचारलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होता, पण एवढ्या माणसांत गिळून टाकलं त्याने. मावशीने स्वतः जाऊन गाठ ओढून पाहिली. पक्की होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या जिवात जीव आला. ती येऊन कॅमेऱ्याच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिली.

शॉट सुरू झाला. कॅमेरा आधी पोरावर होता, मग हळूहळू भाचीकडे वळला.

"तिथून उठ," भाची म्हणाली. आवाज सुरेख लागला होता. "आपण खाली जाऊ या."

मावशीचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. मी दार उघडं ठेवलंय. मी इथेच उभी आहे. तू येईपर्यंत हलणार नाही.

भाची पुढचं वाक्य बोलली नाही. तिने चपला काढल्या, नीट जोडून दाराशी ठेवल्या आणि चालू लागली. पोराकडे नाही. समोरच्या कठड्याकडे, जिथे कोणीच नव्हतं.

"थांबवू नका," दिग्दर्शिका कॅमेरावाल्याच्या कानाशी कुजबुजली. "खरं येतंय. येऊ दे."

पोर कठड्यावरून खाली उतरलं, धावलं, आणि चौथ्या पावलाला दोराने त्याला मागे खेचलं. दोन्ही हात पुढे करून त्याने पुन्हा हिसका दिला. मग कॅमेऱ्याकडे, दिग्दर्शिकेकडे न बघता तो ओरडला,

"मावशी, तिला धरा."