आर्विडकाकांचा दिवा

आमच्या वीज सहकारी संस्थेच्या मासिकात मी सल्ला छापला: "अंगणातला दिवा रात्रभर कशाला जाळता? बंद ठेवा, वीज वाचवा." अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटातले आमचे सभासद सगळं वाचतात, करत काही नाहीत. केलं ते फक्त शेतावर एकट्याने राहणाऱ्या आर्विडकाकांनी.

त्यांचा दिवा चाळीस वर्षांत एकदाही विझलेला कुणी पाहिला नव्हता. त्यांनी तो बंद ठेवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला शेजारची लव्हॉन दारात हजर, हातात खिमा-बटाट्याचं गरम भांडं. आमच्याकडे कुणी वारलं की त्या घरी आधी हेच पोचतं. मागोमाग आणखी चौघी, तशीच भांडी घेऊन.

दार आर्विडकाकांनीच उघडलं.

"कोण गेलं गं?" भांडी बघून त्यांनी विचारलं.

"तुम्ही!" लव्हॉन भडकली. "दिवा विझवायच्या आधी एक फोन करायला काय झालं होतं?"

"बरं, आणलंयत तर या आत."

पाचही जणी दुपारपर्यंत बसल्या.

पुढच्या अंकासाठी आर्विडकाकांचं पत्र आलं: "सल्ला उत्तम आहे. महिन्यातून एकदा दिवा बंद ठेवावा. आठवडाभर ओव्हन लावावा लागत नाही, शिवाय माणसं येतात."