एका कळशीचं तिकीट

टँकर आठवड्यातून एकदाच यायचा, म्हणून संगप्पा दुकानदारानं टीव्हीवर विलायतेतला फुटबॉल बघायचं तिकीट एक कळशी पाणी ठेवलं होतं.

"अप्पा, तिकडं क्लबांना टीव्हीवाले करोडो देतेत, तरी तिकीट महागच. तुमी त्यांचेच भाऊ दिसता," असं सुनावत नागरत्नानं घरातून लपवून आणलेली कळशी पुढं ठेवली.

मागोमाग तिची आई शांतम्मा तणतणत आली, कळशी उचलली आणि टीव्हीकडं बघून थबकली. मॅचआधी हिरव्यागार मैदानावर पाण्याची कारंजी उडत होती. कारंजी थांबली, खेळाडू आले.

"परत कधी सोडतेत पाणी?"

"हाफटाइमला," नागरत्ना दबकत म्हणाली.

शांतम्मानं कळशी खाली ठेवली.


"संगप्पा, एका कळशीत दोघी बसतो. खेळ पोरगी बघंल, मी नुसतं पाणी बघते."