चकतीला हात लावायचा नाही

“चकतीला हात लावू नकोस, नीट लावून दिलंय,” असं दरवर्षीसारखं बजावून आप्पांनी दुर्बीण आईंच्या हातात दिली. भिगवणच्या पाण्यात आमची होडी थांबली होती आणि समोर रोहित पक्ष्यांचा थवा चिखलात चोची घालून उभा होता. उन्हाळा तापला की ते निघून जातात, म्हणून फेब्रुवारीतला एक रविवार या घरात ठरलेला.

आईंनी क्षणभर पाहिलं आणि “छान आहेत हो,” म्हणत दुर्बीण माझ्याकडे, म्हणजे नव्या सुनेकडे, सरकवली.

मी डोळ्यांना लावली, तर नुसता गुलाबी धूर. आप्पा चष्मा काढून बघतात. दुर्बीण त्यांच्या नंबराला लावलेली होती. पक्षी स्पष्ट दिसेपर्यंत मी गुपचूप चकती फिरवली आणि पुन्हा आईंच्या हातात दिली.

त्यांनी ती डोळ्यांना लावली. मग एकदम म्हणाल्या, “अगंबाई, यांचे डोळे पिवळे असतात!”

आप्पा वळले. “तेवीस वर्षं येतोय आपण. आज कळलं तुला?”

“तुम्ही इतक्या हौसेनं दाखवायचात,” दुर्बीण न काढताच त्या म्हणाल्या. “धुरकट दिसतंय, असं कसं सांगायचं?”

दुर्बीण परत घ्यायला पुढे आलेला हात आप्पांनी मागे घेतला. मग खिशातली पक्ष्यांची वही काढली. दर वर्षीच्या पानावर तीच ओळ होती : ‘दोघांनी पाहिले.’ आजच्या तारखेखाली त्यांनी सावकाश लिहिलं : ‘हिने पहिल्यांदा पाहिले.’