करंगळी
टेक्सासच्या तेलविहिरींवर गेलो की मी महिनाभर घरी नसतो. बायको एकटी, म्हणून घरात रायफल असावी असं ठरवून तिला ड्वेनच्या बंदुकांच्या दुकानात आणलं. “हिनं जन्मात बंदुकीला हात लावलेला नाही, सोपी काहीतरी दाखव रे,” मी म्हटलं. “मला तर बाई भीतीच वाटते,” ती म्हणाली. ड्वेननं मांडणीवरची रायफल तिच्या हातात दिली. माझ्याशी रात्रीच्या जेवणाचं बोलता बोलता तिनं चापाखालची दांडी खटकन खाली ओढली, आत गोळी नाही ना हे करंगळीनं चाचपलं आणि करंगळी पँटला पुसली. आमच्याकडे सगळे हे डोळ्यांनी बघतात. हिला हे शिकवलं कुणी? ड्वेननं रायफल परत घेतली, सवयीनं दांडी ओढली, करंगळी आत घातली, पँटला पुसली. “मग, बांधून देऊ?” “राहू दे,” मी म्हटलं, “घराची राखण तू करतोच आहेस.”