चौथ्या पिंजऱ्यातली बशी

चौथ्या पिंजऱ्यातले पाचही उंदीर अरुंद पट्टीवरून सरळ चालत गेले. उरलेल्या पाच पिंजऱ्यांतला प्रत्येक उंदीर तिसऱ्या पावलाला डावीकडे कलंडला. सगळ्यांच्या मेंदूला तीन आठवड्यांपूर्वी सारखीच जखम केलेली होती आणि सगळ्यांना एकाच औषधाचे खाद्य घातले जात होते.

संशोधिकेने नोंदवही तीनदा वाचली. खाल्लेल्या खाद्याचे वजन सहाही पिंजऱ्यांत सारखे होते. योगायोगावर तिचा विश्वास नव्हता. चमत्कारावर तर त्याहून नव्हता.

ते औषध मेंदूतल्या पहारेकरी पेशी मारणारे होते. जखम होताच या पेशी धावून येतात, मोडतोड गिळतात आणि त्या भरात धडधाकट तंतूंचाही घास घेतात. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या नसल्या तर मेंदू लवकर सावरेल, असे तिचे अनुमान होते. त्यावरच विसंबून तिने आईचे नाव या औषधाच्या रुग्णचाचणीत घातले होते. पक्षाघाताचा झटका आल्यापासून आईचा उजवा हात उशीवर कुणी विसरून गेल्यासारखा पडून होता. पहिली गोळी आज संध्याकाळी द्यायची होती.

पट्टीवरच्या चाचणीनंतर प्रत्येक पिंजऱ्यातल्या एका उंदराच्या मेंदूचे काप घेतले होते आणि पहारेकरी पेशी हिरव्या चमकतील असा रंग त्यांना दिला होता. तिने पाचव्या पिंजऱ्याचा काप भिंगाखाली सरकवला. सगळा काळोख, हिरवा ठिपका एकही नाही, आणि मोडतोड फिकट ढिगासारखी जिथल्या तिथे. मग चौथ्याचा. काळोखात हिरव्या पेशी जखमेच्या काठाने दाटीने उभ्या होत्या, लांब फांद्या पसरून, संथ पाण्याच्या तळाशी उगवल्यासारख्या. मोडतोड कुठेच नव्हती. झाडून काढलेल्या त्या जागेत कोवळे तंतू शिरत होते. ती बराच वेळ डोळा न हलवता पाहत राहिली. तिच्या हिशेबी तिथे एकही पेशी असायला नको होती.

प्राण्यांच्या खोलीत भर दुपारी रात्र असे. उंदीर रात्रीचे जागे, म्हणून तिथला दिवस उलटा लावलेला. मंद तांबड्या उजेडात पिंजरे तरंगल्यासारखे दिसत होते. उंदरांची देखभाल करणारे मामा भुसा बदलत होते.

“मामा, चौथ्या पिंजऱ्याला वेगळं काही केलंत?”

“मी काय करणार, ताई? मी काय डॉक्टर आहे?”

“मग याच पिंजऱ्यात ती बशी कसली?”

मामा बशीकडे असे पाहू लागले, जणू ती आत्ताच उगवली होती.

“पहिले दोन दिवस या पाचांचीच मान वरच्या जाळीतल्या औषधाच्या खाद्यापर्यंत जाईना. मग साधं, बिनऔषधाचं खाद्य भिजवून खाली बशीत ठेवलं. अंथरुणाला खिळलेल्याचं ताट आपण माळ्यावर ठेवतो का? पुढे त्याचीच चटक लागली. वरचं तोंडात घेईनात.”

“आणि वरचं खाद्य?”

“बाकीच्यांनी खाल्लं तेवढंच मोजून काढून टाकायचो. उरलं की तुम्ही चार प्रश्न विचारता.” ते थांबले. “आता न उरताही विचारताय.”

ती रागावली नाही. बशीजवळ एक उंदीर दोन पायांवर उभा राहून मिशा हलवत होता, तिला निरखत असल्यासारखा. पाच उंदीर म्हणजे पुरावा नव्हे, हे तिला ठाऊक होते. पण आईला गोळी द्यावी असा पुरावाही आता तिच्यापाशी उरला नव्हता.

तिने तिथूनच भावाला फोन लावला.

“दादा, संध्याकाळची गोळी देऊ नकोस.”

“आठवडाभर डोकं खाऊन तूच तयार केलंस ना तिला?”

“मीच. आणि मीच थांबवतेय. डॉक्टरांशी आत्ता बोलते.”

“आईला काय सांगू?”

पिंजऱ्यांतून बारीक कुरतडण्याचा आवाज येत होता.

“सांग, आत काम चालू आहे. मध्ये पडायला नको.”

मग तिने नोंदवही उघडली, चौथ्या पिंजऱ्यापुढच्या वजनांवर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिले: औषध खाल्ले नाही. पेशी मेल्या नाहीत. जखम त्यांनी साफ केली.