सम्यकची जागा

“मॅडम, दर्शनी दगड आम्ही हातानं रचला, पण जाळीच्या मधी समदा मुरूम ओतलाय. पाण्यासंगं निघून जाईल बगा,” खुलताबादच्या उतारावर जाळीत दगड भरून संरक्षक भिंत रचणाऱ्या सुगंधाबाईंनी बजावलं होतं. दुसऱ्याच दिवशी पाहणी होती. “भिंत पक्की आहे, बाई. उगाच घाबरवू नका,” म्हणत इंजिनिअर निशानं कामाच्या दाखल्यावर सही ठोकली.

पण आईचा जीव तो! भिंतीखालच्या बालवाडीत तिचा सम्यक होता. पावसाळ्याआधी तिनं गुपचूप त्याचं नाव काढलं आणि त्याला शहरात, उस्मानपुऱ्यात आजीकडं ठेवलं.

झडीच्या चौथ्या दिवशी सुगंधाबाईंचा फोन आला. “मॅडम, मी अजिंठ्याला कामावर हाय. तुमच्या सम्यकची जागा रिकामी झाली नं, तिथं आमच्या नातीला, शालूला घेतलं! आधी लई भ्या वाटलं. पण म्हणलं, भिंत पक्की हाय असं खुद्द मॅडम बोलल्यात.”

बालवाडीचा फोन लागेना. निशानं ऑफिसच्या ग्रुपवर लिहायला घेतलं, भिंतीच्या धोक्याचं वाक्य खोडलं आणि उरलेलं पाठवलं.

“खुलताबादेत कुणी आहे का? बालवाडीतल्या छोट्या शालूला जरा सहज बघून याल?”